सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप : मांडणी, सेटिंग्ज, अफवा आणि फसवणूक

तिसरा_मजला (धागाकर्ता) · सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. गृहनिर्माण संस्थांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक स्वतंत्र धागा हवा होता, म्हणून काढतोय.

टँकर किती वाजता येणार, लिफ्ट कधी सुरू होणार, रात्री दीड वाजता आजोबांना दवाखान्यात न्यायला गाडी कुणाची मिळेल, हे सगळं आता जिन्यात गाठ न पडताही कळतं. शेजार जपायला इतकं सोपं साधन पूर्वी नव्हतं. आणि त्याच ग्रुपात पार्किंगबद्दलच्या एका वाक्यावरून दोन घरं वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, हेही आपण सगळे बघतो. दोष बहुतेक वेळा माणसांना दिला जातो. मला तो मांडणीचा वाटतो. थकबाकीची सूचना, गुड मॉर्निंगची फुलं, जुना सोफा आणि छताची गळती एकाच रांगेत आली की गळतीवाल्याला वाटतं, आपल्याकडे कुणाचं लक्षच नाही. मग तो आवाज चढवतो, दुसरा त्याला उत्तर देतो आणि गळती तशीच राहते.

शंभर-दीडशे सदनिका असतील तर साधा ग्रुप न काढता कम्युनिटी, म्हणजे अनेक ग्रुप एका छत्राखाली ठेवायची व्हॉट्सॲपची सोय, काढावी. ही सोय नोव्हेंबर २०२२ पासून सगळ्यांना मिळते. साध्या ग्रुपची कमाल सदस्यसंख्याही त्याच वर्षात २५६ वरून ५१२ आणि पुढे १०२४ झाली, तेव्हा अडचण जागेची नाही, गर्दीची आहे. कम्युनिटी उघडली की घोषणांचा एक ग्रुप आपोआप बनतो. तिथे नवी सूचना फक्त ॲडमिन टाकू शकतात. पाणी, वीज, लिफ्ट, सभा, देखभाल शुल्काची शेवटची तारीख, एवढंच तिथे जाऊ द्या. दिवसाला एक, फार तर दोन. त्याहून जास्त झाल्या की लोक ग्रुप म्यूट करतात आणि टाकी धुण्याची सूचना नेमकी वाचायची राहते. त्याखाली तीन ग्रुप ठेवा : दुरुस्ती, देवघेव आणि गप्पा. सगळ्यांनी घोषणांमध्ये असावंच. बाकी तिघांत ज्याला यायचं त्याने यावं.

दुरुस्तीच्या ग्रुपात तक्रार ठरलेल्या साच्यात मागा : विंग आणि सदनिका, नेमकी जागा, कधीपासून, आणि एक फोटो. 'बी ७०४, स्वयंपाकघराचं छत, शनिवारपासून, वरच्या मोरीच्या बरोबर खाली' असा मेसेज जसाच्या तसा प्लंबरला पाठवता येतो. 'कमिटी काय करतेय?' असा मेसेज आला तर वाद न घालता ॲडमिनने याच चार गोष्टी विचाराव्यात. काम झालं की त्याच मेसेजला उत्तर म्हणून 'झालं' आणि तारीख टाकावी. एवढ्याने पुढच्या सभेत कामांचा हिशेब आपोआप तयार असतो.

सेटिंग्जमधल्या तीन गोष्टी पहिल्याच दिवशी करा. 'अप्रूव्ह न्यू मेंबर्स' चालू ठेवा, म्हणजे ॲडमिनच्या मंजुरीशिवाय नवा माणूस आत येत नाही. ग्रुपचं नाव-वर्णन बदलण्याचा अधिकार फक्त ॲडमिनकडे ठेवा, नाहीतर मेसेज आपोआप पुसले जाण्याची मुदतही कुणी बदलू शकतो. आणि निमंत्रणाची लिंक लिफ्टमध्ये चिकटवली असेल तर आठवड्याभरात ती रीसेट करा. जुनी लिंक त्या क्षणी मरते. मेसेज पुसले जाण्याची मुदत २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस ठेवता येते. गप्पांना ७ दिवस उत्तम. दुरुस्तीच्या ग्रुपात ती सोय बंदच असू द्या, तिथे जुनी नोंद लागते.

बाकीच्यांनी भर घालावी.

---

बोरीबंदर · सोमवार, रात्री ९:५०

मांडणीच्या मुद्द्याला अनुमोदन, पण घरं मोजून ठरवा. चोवीस सदनिकांच्या इमारतीत चार ग्रुप काढले तर त्यातले तीन महिन्याभरात ओस पडतात आणि लोक सवयीने सगळं घोषणांखालच्या पहिल्या ग्रुपातच लिहू लागतात. साधारण चाळीस घरांपर्यंत दोन पुरे : एक सूचनांचा, एक बाकी सगळ्याचा.

नियम पाचाच्या वर नेऊ नका, कुणी वाचत नाही. माझ्या मते त्यातले दोन कळीचे. रात्री १० ते सकाळी ७ फक्त तातडीचं. आणि तातडीचं म्हणजे आग, फुटलेली पाइपलाइन, वीज, आजारपण, चोरी, असं स्पष्ट लिहा. दुसरा : व्यक्तीचं नाव घेऊन तक्रार नाही, जागेचं नाव घेऊन करा. 'अमुकच्या मुलाने गाडी लावली' ऐवजी 'पार्किंग १४ अडलं आहे'. गाडी तितक्याच लवकर निघते आणि कुणाच्या मुलाचा उद्धार होत नाही.

नियम ग्रुपच्या वर्णनात लिहा. मेसेज पिन केला तरी त्याची मुदत जास्तीत जास्त ३० दिवस, नंतर तो वर सरकून जातो. वर्णन नव्या भाडेकरूलाही दिसतं.

नियम मोडला तर आधी खासगीत कळवा. ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो, पण तो कोणत्या ॲडमिनने पुसला हे सगळ्यांना दिसतं. म्हणून पुसलात तर लगेच एका ओळीत कारण द्या : 'राजकीय फॉरवर्ड, नियम ३'. कारण न देता पुसलं की विषय मेसेजचा राहत नाही, ॲडमिनच्या पक्षपाताचा होतो. ज्याने लिहिलं त्याला स्वतःला साधारण अडीच दिवसांपर्यंत मेसेज मागे घेता येतो आणि पहिल्या १५ मिनिटांत दुरुस्त करता येतो. रागात लिहिलेल्याला हे सांगितलं तर बरेच जण स्वतःहून मागे घेतात.

---

रानजाई · सोमवार, रात्री १०:२५

तिसरा मजला, कम्युनिटीचा सगळ्यात मोठा फायदा तुम्ही सांगितलाच नाही. साध्या ग्रुपात प्रत्येकाचा फोन नंबर प्रत्येकाला दिसतो. घोषणांच्या ग्रुपात तसं नाही : तिथे तुमचा नंबर ॲडमिनना आणि ज्यांच्याकडे तो आधीच जतन आहे त्यांनाच दिसतो. एकट्या राहणाऱ्या मुली, भाड्याने राहणाऱ्या परिचारिका, वयस्क बायका यांच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. ग्रुपातून नंबर उचलून 'हाय, तुम्ही सहाव्या मजल्यावरच्या ना?' असे मेसेज सुरू होतात आणि तक्रार करायची तर त्याच इमारतीत राहायचं असतं, म्हणून बाया गप्प बसतात.

यासाठी काही गोष्टी करून ठेवा. प्रत्येकीने आपल्या फोनमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्स इथे 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडावं. मग अनोळखी माणूस परस्पर कुठल्याही ग्रुपात ओढू शकत नाही, त्याला निमंत्रणच पाठवावं लागतं. प्रोफाइल फोटो आणि 'लास्ट सीन'ही फक्त ओळखीच्यांना. ॲडमिनांत किमान एक बाई असावी, म्हणजे तक्रार सांगायला जागा राहते. आणि स्पष्ट नकार दिल्यावरही कुणी पुन्हा पुन्हा मेसेज करत असेल तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा आहे. मेसेज पुसू नका. नंबर ब्लॉक करण्याआधी, नंबर आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या.

मुलांच्या फोटोंबद्दलही नियम हवा. गणपतीतल्या कार्यक्रमाचा मुलांचा फोटो ग्रुपावर ठीक; शाळेचा गणवेश, बसचा नंबर आणि थांबा दिसणारा फोटो नको. एकदा ग्रुपावर गेलेला फोटो शंभर फोनांच्या गॅलरीत उतरलेला असतो.

---

घटप्रभा · मंगळवार, सकाळी ७:४०

सगळे तोट्यांकडे वळायच्या आत देवघेवीबद्दल लिहिते, कारण खरा आनंद तिथेच आहे. मे-जूनमध्ये शाळेची पुस्तकं, उन्हाळ्यात आंबे, सहा महिन्यांसाठी लागणारा वॉकर, एकदाच वापरलेला पाळणा. पैसा वाचतोच; त्याहून मोठी गोष्ट म्हणजे समोरच्या दारामागे कोण राहतं हे कळतं.

पण एकत्र खरेदीत एक चूक हमखास होते. कुणीतरी यादी टाकतं : '१. ए १०२ – २ पेट्या. आपलं नाव खाली जोडून पुढे पाठवा.' दोघांनी एकाच वेळी यादी उचलली, दोघांनी चौथ्या क्रमांकावर आपलं नाव घातलं आणि दोन वेगळ्या याद्या ग्रुपावर आल्या. पाचव्याने त्यातली एकच पुढे नेली. चौथ्यांपैकी एकाची पेटी तिथेच गळली आणि पैसे भरूनही आंबे नाहीत म्हणून बोलाचाली. यादी फिरवायचीच नाही. मागवणाऱ्याने एक मेसेज टाकायचा, बाकीच्यांनी त्याला उत्तर म्हणून फक्त 'ए १०२ – २' लिहायचं, आणि यादी एकाच माणसाने वहीत किंवा शीटमध्ये करायची. व्हॉट्सॲपचा पोलही चालतो, त्यात १२ पर्यंत पर्याय देता येतात : '१ पेटी', '२ पेट्या', '३ पेट्या'. मात्र मुदत संपल्यावर कुणी मत बदललं तर ते बदलतं, म्हणून मुदतीला आकड्यांचा स्क्रीनशॉट घ्या.

आंब्याच्या मूळ मेसेजमध्ये हे असलंच पाहिजे : पेटी किती डझनाची (चारपासून सातपर्यंत काहीही असते, फळ जितकं मोठं तितके डझन कमी), फळ साधारण किती ग्रॅमचं, देवगड की रत्नागिरी, कच्चं की पिकायला आलेलं, भाव गाडीभाड्यासकट की वेगळा, खराब फळ निघालं तर बदली कोण देणार आणि किती दिवसांत. शेवटचा मुद्दा आधी ठरला नसेल तर मागवणाऱ्याच्या गळ्यात पडतो आणि पुढच्या वर्षी कुणी पुढाकार घेत नाही.

पुस्तकं देताना इयत्ता, माध्यम आणि आवृत्तीचं वर्ष लिहा, बालभारतीचं असो की दुसऱ्या मंडळाचं. अभ्यासक्रम बदलला की जुनी आवृत्ती निरुपयोगी ठरते आणि घेणाऱ्याची फेरी फुकट जाते. वस्तू गेली की मूळ मेसेजखाली 'गेलं' लिहा.

---

गुलमोहर_१९ · मंगळवार, सकाळी ८:०५

घटप्रभाताई, यादीचा मुद्दा अगदी बरोबर. टँकरची वर्गणी आणि कोजागिरीचं दूध, दोन्हीकडे नेमकं हेच होतं.

---

सलाईन · मंगळवार, दुपारी १:३०

रक्ताच्या मेसेजबद्दल लिहिणं गरजेचं आहे, कारण ग्रुपावरून खरोखर जीव वाचतो तो इथे आणि वेळ वाया जातो तोही इथेच. 'तातडीने बी निगेटिव्ह हवं' असा मेसेज तारीख नसल्यामुळे वर्षानुवर्षं फिरत राहतो. त्यातल्या नातेवाइकाला रुग्ण बरा होऊन घरी गेल्यावरही फोन येत राहतात.

मेसेजमध्ये काय हवं : रक्तगट, संपूर्ण रक्त की प्लेटलेट, रुग्णालय आणि कुठल्या रक्तपेढीत द्यायचं, आजची तारीख, 'अमुक तारखेपर्यंत' ही मुदत, एका नातेवाइकाचा नंबर. रुग्णाचं आधार कार्ड किंवा केस पेपर टाकू नका. गरज भागली की मूळ मेसेज सगळ्यांसाठी पुसा. पुसण्याची अडीच दिवसांची मुदत उलटून गेली असेल तर 'गरज पूर्ण' असं त्याखाली लिहा.

कोण देऊ शकतं हे ग्रुपच्या वर्णनात घाला, म्हणजे गर्दीतून योग्य माणूस निघतो : वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५, आणि मागच्या रक्तदानाला पुरुषांसाठी ९० दिवस, बायकांसाठी १२० दिवस झालेले. यंत्रावर एकाच दात्याकडून प्लेटलेट घेतात तेव्हा दीड-दोन तास मोडतात आणि चांगली शीर लागते, म्हणून दात्याला हे आधी सांगा. प्लेटलेट ५ दिवसच टिकतात. 'लागतील म्हणून आधीच जमवून ठेवू' असं त्यात चालत नाही.

फॉरवर्ड करण्याआधी दिलेल्या नंबरवर एक फोन करा. फोन लागला नाही तर पुढे पाठवू नका. साठा कुठे आहे ते ई-रक्तकोष या सरकारी पोर्टलवर रक्तगट आणि जिल्हा घालून बघता येतं. ते दोन मिनिटांचं काम आधी.

---

सह्यकडा · मंगळवार, सायंकाळी ६:१५

माझा मुद्दा सीसीटीव्हीच्या फोटोंचा. 'हा माणूस संशयास्पद वाटतो, सावध राहा' असं लिहून गेटवरच्या कॅमेऱ्यातला फोटो टाकायची पद्धत फार फोफावली आहे. फोटोतला माणूस बहुतेक वेळा कुरिअरवाला, मीटर वाचणारा किंवा कुणाच्या घरी कामाला आलेली बाई असते. एका ग्रुपातून तो दहा सोसायट्यांत जातो आणि त्या माणसाची त्या भागातली रोजी बंद होते. त्याला कळतही नाही का ते.

याचं टोक महाराष्ट्राने पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेले लोक होते. अफवा फोनवरूनच पसरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा घातली आणि २०१९ च्या जानेवारीत ती जगभर लागू केली. एप्रिल २०२० पासून खूप वेळा पुढे गेलेला मेसेज, म्हणजे दोन बाण दिसतात तो, एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो.

तेव्हा दोन बाण दिसले की समजावं, हे लिहिणारा आपल्या ओळखीतला नाही. 'फॉरवर्ड मिळाला म्हणून टाकला' हे स्पष्टीकरण ग्रुपात मान्यच करू नका. ज्याने टाकलं त्याला तीन प्रश्न : कुठली घटना, कुठल्या तारखेची, कुठल्या पोलिस ठाण्यात नोंद. उत्तर नसेल तर ॲडमिनने पुसावं. खरोखर चोरी झाली असेल तर चित्रीकरण पेन ड्राइव्हवर घेऊन पोलिस ठाण्यात द्या आणि हे लवकर करा, कारण सोसायटीच्या रेकॉर्डरमध्ये डिस्क भरली की जुनं चित्रीकरण आपोआप पुसलं जातं. बऱ्याच ठिकाणी दोन ते चार आठवड्यांत.

---

तिसरा_मजला · मंगळवार, सायंकाळी ७:०२

सह्यकडा, हा नियम माझ्या पहिल्या प्रतिसादातच असायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. सदस्याने नवा माणूस पाहिला तर आधी फाटकावर फोन करून नोंदवहीत विचारावं. ग्रुपावर फोटो टाकायचा अधिकार कुणालाच नसावा, कमिटीलासुद्धा.

---

दौत_लेखणी · मंगळवार, रात्री ९:४०

कायद्याचं थोडं. 'ग्रुपात कुणी काही टाकलं तर ॲडमिनला आत टाकतात' ही भीती सार्वत्रिक आहे आणि तिच्यापायी चांगली माणसं ॲडमिन व्हायला नको म्हणतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे : सदस्य काय टाकणार यावर ॲडमिनचं आधी नियंत्रण नसतं, त्यामुळे समान हेतू किंवा आधी ठरवून केलेला कट दिसल्याशिवाय दुसऱ्याच्या मजकुरासाठी ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. केरळ उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये हाच विचार मान्य केला. पण स्वतः लिहिलेलं आणि स्वतः पुढे पाठवलेलं याची जबाबदारी ज्याची त्याची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे : कलम ३५६ बदनामी, ३५३ अफवा, १९६ समाजात तेढ. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दलचं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ अजून काही जण धमकी म्हणून वापरतात. सर्वोच्च न्यायालयाने ते २४ मार्च २०१५ ला रद्द केलं आहे. ज्या याचिकेवर ते रद्द झालं ती मुळात पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाल्यामुळे दाखल झाली होती.

आता सोसायटीच्या कारभाराचं. ग्रुपावरचा पोल म्हणजे ठराव नव्हे. वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना उपविधींप्रमाणे पूर्ण १४ दिवस आधी विषयपत्रिकेसह गेली पाहिजे आणि निर्णय सभेत, इतिवृत्तात. '८७ जणांनी होय म्हटलं' म्हणून रंगकामाचं कंत्राट दिलं आणि एकाने उपनिबंधकांकडे तक्रार केली तर हातात काही राहत नाही. शिवाय पोलमध्ये कुणी काय मत दिलं हे सगळ्यांना नावानिशी दिसतं, त्यामुळे लोक शेजाऱ्याकडे बघून मत देतात. पोल वापरावा तो सभा शनिवारी की रविवारी एवढं विचारायला.

थकबाकीदारांची नावं ग्रुपावर टाकू नका. पैसे त्याने येत नाहीत, वैर येतं, आणि आकडा चुकीचा निघाला तर बदनामीचा दावा. वसुलीचा रस्ता वेगळा आहे : लेखी मागणी, स्मरणपत्र, मग सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-२९ खाली वसुली दाखल्यासाठी अर्ज. तिथे हिशेबाचा उतारा लागतो, ग्रुपावरची चर्चा नव्हे.

ग्रुपावरचा मजकूर पुरावा म्हणून द्यायची वेळ आली तर नुसता छापलेला स्क्रीनशॉट पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. 'एक्स्पोर्ट चॅट' करून मूळ फोन जपून ठेवा.

---

बोरीबंदर · मंगळवार, रात्री १०:१०

थकबाकीच्या मुद्द्यावर थोडं वेगळं मत. नावं नकोत हे मान्य, पण एकूण थकबाकीचा आकडा दर तिमाहीला घोषणांमध्ये जायला हवा. 'एकूण येणे अमुक इतके, त्यामुळे पाण्याच्या टाकीचं काम पुढे ढकललं' हे सगळ्यांना कळलं पाहिजे. आकडा लपवला की ग्रुपात तर्कवितर्क सुरू होतात आणि खरं कारण कुणाला माहीत नसतं.

---

दौत_लेखणी · मंगळवार, रात्री १०:१८

बोरीबंदर, एकूण आकड्याला हरकत नाही. उलट द्यावाच.

---

नवा_गडी · बुधवार, सकाळी ९:००

ग्रुपातल्या एखाद्याचं खातं चोरांच्या हाती गेलं आणि त्याच्या नावाने 'दहा हजार पाठवा, संध्याकाळी देतो' असे मेसेज येऊ लागले, तर ॲडमिनने आणि त्या सदस्याने नेमकं काय करायचं? कुणी क्रमाने सांगेल का?

---

खटपट · बुधवार, सकाळी ११:२०

नवा गडी, ॲडमिनने आधी त्या क्रमांकाला सगळ्या ग्रुपांतून काढायचं, मग त्याच्याशी बोलायचं. उलट करू नका. पहिल्या दहा मिनिटांतच कुणीतरी पैसे पाठवतं. काढल्यावर घोषणांमध्ये दोन ओळी : 'सी ३०१ यांचं खातं दुसऱ्याच्या ताब्यात आहे. त्या क्रमांकावरून आलेल्या मेसेजवर पैसे पाठवू नका, त्यातली लिंक उघडू नका.' मग साध्या फोन कॉलने त्या घराला कळवा.

त्या सदस्याने आपल्या सिमवर व्हॉट्सॲप पुन्हा नोंदवायचं. एसएमएसने आलेला सहा अंकी कोड टाकला की चोर त्याच क्षणी बाहेर फेकला जातो. चोराने दरम्यान दोन टप्प्यांच्या पडताळणीचा पिन लावून ठेवला असेल तर तो आपल्याला माहीत नसतो आणि खातं उघडायला ७ दिवस थांबावं लागतं. पण कोड टाकल्यामुळे चोर तरी बाहेर गेलेला असतो, हे घाबरलेल्या माणसाला आवर्जून सांगा. आत आल्यावर 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडा. मुख्य फोनखेरीज चार उपकरणं जोडता येतात. ओळखीचं नाही ते लॉग आउट करा. चोर बऱ्याचदा खातं हिसकावतच नाही, 'फोटो बघायला हा कोड टाका' असं सांगून आठ अक्षरांचा कोड टाकायला लावतो. त्याने त्याचं उपकरण जोडलं जातं आणि तो शांतपणे सगळं वाचत राहतो.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात फिरायच्या आत गोठवला गेला तरच परत मिळण्याची आशा, म्हणून पहिला तास मोलाचा. नंतर सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार. पैसे गेले नाहीत, नुसता प्रयत्न झाला, तर संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू' सुविधेत नंबर नोंदवता येतो.

हे होतं कसं तेही बघा. एक रस्ता म्हणजे कुरिअरवाला म्हणून फोन करतात आणि *४०१* दाबून पुढे दहा अंकी नंबर डायल करायला लावतात. त्याने तुमचे कॉल त्यांच्याकडे वळतात आणि पडताळणीचा कोड ते व्हॉइस कॉलने मिळवतात. दूरसंचार विभागाच्या आदेशाने ही कोडवाली सोय १५ एप्रिल २०२४ पासून थांबवली, तरी फोनच्या कॉल सेटिंग्जमधून वळवणं शक्य आहेच. तिथे 'कॉल फॉरवर्डिंग' एकदा उघडून बघा.

दुसरा रस्ता थेट ग्रुपातून येतो : 'लग्नाची पत्रिका' किंवा 'आरटीओ चलन' नावाची फाइल. नावाच्या शेवटी '.एपीके' असेल तर ती पत्रिका नाही, ते ॲप आहे. पत्रिका पीडीएफ, फोटो किंवा व्हिडिओ असते. फाइल नुसती उतरल्याने काही होत नाही. 'इन्स्टॉल' दाबून एसएमएस वाचायची परवानगी दिली की बँकेचे ओटीपी बाहेर जाऊ लागतात आणि तीच फाइल तुमच्या नावाने सगळ्या ग्रुपांत जाते. दाबलं गेलंच तर ताबडतोब एअरप्लेन मोड, वाय-फायही बंद, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खात्याचे व्यवहार थांबवा, १९३०, आणि मग फोन फॅक्टरी रीसेट. रीसेट केल्याशिवाय त्या फोनवर बँकेचं ॲप उघडू नका.

ज्येष्ठांच्या फोनवर दोन कामं प्रत्येक घराने आजच करावीत : दोन टप्प्यांच्या पडताळणीचा सहा अंकी पिन, ई-मेल पत्त्यासह, म्हणजे पिन विसरला तरी अडत नाही, आणि 'अनोळखी ॲप इन्स्टॉल' ही परवानगी व्हॉट्सॲप आणि ब्राउझर दोन्हीसाठी बंद.

---

रानजाई · बुधवार, दुपारी १२:०५

खटपट, हा प्रतिसाद छापून लिफ्टमध्ये लावण्यासारखा आहे. एक विचारते : घर विकून गेलेले मालक, सोडून गेलेले भाडेकरू आणि परदेशात गेलेले मालक यांचं काय करायचं? आणि कमिटी बदलली की ॲडमिनपद कसं सोपवायचं?

---

तिसरा_मजला · बुधवार, रात्री ८:३०

रानजाई, यादी वर्षातून दोनदा तपासावी. त्याचं कारण शिस्तीहून मोठं आहे. बंद पडलेला मोबाइल नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्या कुणाला दिला जातो. जुना सदस्य ग्रुपात तसाच राहिला तर त्या नंबरबरोबर परका माणूस आपल्या इमारतीच्या बातम्यांशी जोडला जाण्याची शक्यता उरते. सदस्याच्या नावापुढे 'ए १०२ मालक' किंवा 'ए १०२ भाडेकरू' असं ॲडमिनच्या फोनमध्ये जतन करा, आणि करार संपण्याची तारीख चिटणिसाच्या वहीत. विक्रीच्या ना-हरकत पत्राबरोबरच ग्रुपातून नाव काढणं हे एक काम म्हणून जोडून टाका.

भाडेकरूंना घोषणा, दुरुस्ती आणि देवघेव तिन्हीकडे घ्यावं. पाणी त्यांनाही लागतं. निधी, कंत्राट, पुनर्विकास हे विषय मालकांच्या वेगळ्या ग्रुपात.

परदेशी गेलेल्या मालकांनी भारतातलं सिम बंद पडायच्या आत व्हॉट्सॲपमधली 'चेंज नंबर' सोय वापरावी, सगळे ग्रुप नव्या नंबरवर जातात. जुनंच सिम ठेवायचं असेल तर रिचार्ज चालू ठेवा. पडताळणीचा कोड त्याच सिमवर येतो आणि न्यू जर्सीत बसून बंद सिमवर तो मिळत नाही. आणि त्यांच्यासाठी सभेची सूचना ई-मेलनेही पाठवा, ग्रुपावर अवलंबून राहू नका.

कमिटी बदलताना क्रम महत्त्वाचा. आधी नव्या दोघांना ॲडमिन करा, त्यांनी एकेक सूचना टाकून बघावी, मग जुन्यांनी ॲडमिनपद सोडावं. एकमेव ॲडमिन रागाने निघून गेला तर व्हॉट्सॲप सदस्यांपैकी कुणालाही, कसलीही विचारणा न करता, ॲडमिन करून टाकतं. तो माणूस कदाचित महिनाभर ग्रुप उघडतही नसेल. म्हणून तीन ॲडमिन कायम : चिटणीस, कमिटीतली एक सदस्य आणि कमिटीबाहेरचा एक. कुणी गुपचूप बाहेर पडलं तर त्याची सूचना फक्त ॲडमिनना येते, आणि गेलेल्यांची नावं सदस्ययादीच्या तळाशी ६० दिवस दिसतात. तपासणीच्या वेळी तीही बघा : वयस्क माणसाकडून चुकून बटण दाबलं जातं आणि पाणी बंदची सूचना त्या घरी पोचतच नाही. अशांना त्याच दिवशी इंटरकॉमवर विचारून परत घ्या.